मतदान कार्ड हाय म्हणजे मतदार यादीत नाव हायच असं नसते राजेहो

आज झेडपी शाळेच्या वऱ्हांड्यात बीएलओ ताई (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या) बसल्या होत्या, म्हटलं वावरातून येता येता यादी पाहून घ्याव, तं आमच्या आळीतल्या एका काकूचं नावच नाही! काकू पदराच्या गाठीतून कार्ड काढून दाखवते, "हे काय मंग, फोटो माह्याच हाय ना?"

कार्ड असलं तरी यादीत नाव नसन तं मत टाकता येत नाही, हे अर्ध्या गावाले माहीतच नाही. उलटं, नाव असन अन कार्ड हरवलं तं आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटोवालं पासबुक चालते. ताईनं काकूचा फॉर्म ६, म्हणजे यादीत नाव चढवाचा अर्ज, तिथंच भरून घेतला.

अन पोट्टेहो, रील टाकाले टाइम हाय तुमच्याजवळ! १७ पूर्ण झाले की आधीच अर्ज करता येते, मंग १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, ज्या तारखेले १८ भरन तेव्हा नाव चढते. पत्ता बदलला असन तं फॉर्म ८. ग्रामपंचायतीलेही विधानसभेचीच यादी वापरतात बरं, मंग आपला माणूस पडला की पारावर बोंबलू नका.

ताई उद्या दुपारपर्यंत हायेत. फोटो अन आधारची झेरॉक्स घेऊनच या, गावातली मशीन बंद हाय.