पावसाआधीची जाई

मे महिन्यात वेल लावतेय असं गोव्यात कुणाला सांगून बघा. कुंपणापलीकडून सल्ला ठरलेला : "पावस येऊं दी, मागीर लाय." पण मार्दोळच्या काकूंनी पाठवलेली जाई ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दारात येते, मुळांना मातीचा कण नसतो, तेव्हा ती पावसाची वाट कशी बघणार? तशीच ठेवली तर जूनपर्यंत सरपण. आणि जाई मार्दोळची, जिथे महालसेच्या देवळात जायांची पूजा बांधतात. टाकवत नाही.

कागद सोडला की आधी मुळं वाकवून बघायची. जिवंत मूळ वळतं, मेलेलं कट्‌कन मोडतं. मोडलेली कापून टाकायची आणि उरलेली दुपारभर सावलीत बादलीत बुडवून ठेवायची. खड्डा संध्याकाळी. आमच्या परसात वीतभर मातीखाली जांभा लागतो, पहार खणखणते. तरी तळ आणि कडा फोडायच्याच. नाहीतर खड्डा दगडी डोणी होतो आणि उन्हात वाचलेला वेल पावसात कुजतो. मला विचाराल तर मेच्या उन्हापेक्षा जूनचं साचलेलं पाणी जास्त वाईट. उन्हाला निदान झावळीने अडवता येतं. पश्चिमेला दोन झावळ्या खोचल्या की झालं.

खरी भांडणं कात्रीवरून. पाणी ओढणारी केसासारखी मुळं जुन्या मातीतच राहिलेली असतात, पानं मात्र उन्हात पाणी सोडतच राहतात. म्हणून वेल हातभर ठेवून वरचा छाटायचा. घरात लगेच हळहळ : "अगो, हिरवा होता गं!" हिरवा होता म्हणूनच. खताचंही तेच. नवी पालवी येईपर्यंत युरियाचा चिमूटभरही मोह नको. बुंध्याभोवती नारळाची सोडणं पसरायची, पण बुंध्याला चिकटवून नाही, नाहीतर वाळवीला आमंत्रण. पाणी सकाळी, तेही मातीत बोट घालून बघितल्यावर.

बोगनवेलीला हे सगळं चालत नाही. तिची मुळं फार नाजूक, मातीच्या गड्ड्यासकटच आणावी.

पान फुटलंय की नाही हे रोज वाकून बघायला मनाई नाही, फक्त हलवून बघू नये. तारेचा मांडव कुठे घालायचा यावर घरात आत्ताच दोन तट पडलेत. त्याचं चतुर्थीनंतर बघू.