नायक बिचारा नसावा

पटकथा वाचून अभिप्राय देणं हे माझं पोटापाण्याचं काम. निर्मात्यांकडे आलेली बाडं माझ्याकडे येतात, मी वाचते आणि काय जमलंय, काय नाही ते लिहून पाठवते. उरलेल्या वेळात स्वतःचं लिहिते. दोन्हीकडे एकच प्रश्न आडवा येतो: प्रेक्षकाने या माणसासाठी दोन तास का द्यावेत?

नव्या लेखकांचं यावर ठरलेलं उत्तर असतं. नायकावर संकटं आणायची. सुरुवातीच्या दहा पानांत वडील जातात, नोकरी जाते, घरमालक सामान बाहेर काढतो, बहिणीचं ठरलेलं लग्न मोडतं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणजे दहा मिनिटांत एवढं सगळं होऊन जातं. वाचताना मला त्या माणसाची कीव येते आणि पुढची चार पानं उलटेपर्यंत ती ओसरलेलीही असते. कारण तो स्वतः काहीच करत नाही. त्याच्यावर गोष्टी कोसळत राहतात आणि तो सोसत राहतो. सोसणाऱ्याबद्दल वाईट वाटतं, पण त्याचं पुढे काय होणार याची ओढ लागत नाही.

ओढ लागते ती धडपडीची. नेमकं काहीतरी हवंय, ते मिळवायला हातात फारसं काही नाही, तरी माणूस हातपाय हलवतोय, असं दिसलं की आपण आपसूक त्याच्या बाजूचे होतो. तो भला की बुरा हे ठरवायला आपल्याला नंतर वेळ मिळतो.

'फँड्री'तला (२०१३) जब्या आठवा. गावाबाहेरचं घर, डुकरं धरायचं काम, जातीचा रोजचा जाच. कीव यावी असं सगळं दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या हाताशी होतं. पण जब्या आपला होतो तो काळ्या चिमणीमुळे. ती पकडायची, जाळायची आणि तिची राख शाळेतल्या शालूवर टाकायची, म्हणजे शालू आपल्या प्रेमात पडेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. पोरगं त्या चिमणीपायी रानोमाळ हिंडतं. शिवाय त्याला एक जीन्स पँट हवी आहे. त्याच्या वयाला शोभेलशी इच्छा, आणि इतकी नेमकी की ती कॅमेऱ्याला दिसते. ती आपण आधीच मनावर घेतलेली असते, म्हणून पुढे शाळेजवळ घरच्यांबरोबर डुक्कर धरायची वेळ येते आणि तो लपायला जागा शोधतो, तेव्हा आपल्यालाही कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं. चिमणी नसती तर तोच प्रसंग आपण लांबून, हळहळत पाहिला असता.

हे सगळं सध्या डोक्यात घोळतंय, कारण मी आणि माझा एक मित्र मिळून एक पटकथा लिहितोय. नायक माथाडी, म्हणजे ओझी वाहणारा हमाल, आहे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका टोळीचा मुकादम, पन्नाशीला आलेला, मूळचा पाटणकडचा. नाव सदाशिव, टोळीत सगळे सदाभाऊ म्हणतात. मी कोपरखैरण्यात माथाड्यांच्या वसाहतीत वाढले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच मार्केटात आयुष्यभर गोण्या वाहिल्या. माथाड्यांचे नेते अण्णासाहेब पाटील यांचा फोटो आमच्या घरात देवांच्या शेजारी आहे आणि १९६९चा माथाडी कायदा हा आमच्याकडे जेवताना बोलायचा विषय होता. त्यामुळे सदाभाऊ मला शोधायला कुठे जावं लागलं नाही. त्याला पटकथेत कसं आणायचं, हा खरा प्रश्न.

सदाभाऊचा उजवा गुडघा गेलाय. त्याला दिवाळीपर्यंत टिकायचंय, कारण दिवाळीत गावच्या घरावर स्लॅब टाकायचा आहे. टोळीची मजुरी सगळ्यांत सारखी वाटली जाते. त्याने कमी उचललं तर बाकीच्यांच्या पाठीवर जास्त येणार आणि पैसे मात्र तेवढेच. म्हणून तो गुडघ्याचं कुणाला कळू देत नाही.

हे लपवणं पडद्यावर कसं दाखवायचं? मित्राने प्रसंग लिहिला होता: सदाभाऊ पाठीवर गोणी घेऊन चालतो, मध्येच कळ येते, दात-ओठ खात थांबतो, कुणी पाहिलं तर नाही ना बघतो आणि पुन्हा चालू लागतो. एका संध्याकाळी मी तो अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असा माणूस गोणी घेऊन चालंल कशाला? तो गाडीत ऱ्हाईल."

मग त्यांनी उठून, दिवाण म्हणजे ट्रकचा हौदा असं धरून, मला सगळं करून दाखवलं. गाडी खाली करताना दोघं हौद्यात असतात. ते गोणीचे कान धरतात, उचलतात आणि खाली पाठ करून वाकलेल्याच्या मानेखाली अलगद टेकवतात. तो ती घेऊन गाळ्यात जातो, फळीवरून चढून थप्पीला लावतो. चालणं, चढणं, उतरणं सगळं खालच्याकडे. हौद्यातल्याला वाकायचं आणि उचलायचं, कमरेला त्रास, गुडघ्याला त्यामानाने कमी. "गुडघा दुखणारा माणूस गाडी लागली की सगळ्यांच्या आधी फाळक्याला धरून वर चढंल," अण्णा म्हणाले. (फाळका म्हणजे हौद्याचं मागचं उघडणारं दार.) "एकदाच चढायचं हाय ना. आन् वरनं बाकीच्यांवर ओरडत बसंल, चला, आवरा म्हणून. म्हंजी कुणाला शंका नको."

सदाभाऊ तिथे खऱ्या अर्थाने उभा राहिला. दात-ओठ खाणारा सदाभाऊ दुःखी होता. सगळ्यांच्या आधी फाळक्यावर चढणारा सदाभाऊ हुशार आहे, त्याला आपलं काम हाडामांसात माहीत आहे, आणि तो ते ज्ञान आपल्याच माणसांना फसवायला वापरतोय. बघणाऱ्याला आता तीन गोष्टी एकदम वाटणार: याची युक्ती चालावी, ही युक्ती बरी नाही, आणि हा पकडला जाईल. तिन्ही वाटल्यावर प्रेक्षक जागचा हलत नाही.

काम येणारा माणूस बघायला आवडतो, ही गोष्ट लेखक फार विसरतात. शिंपी कापडावर कात्री चालवतोय, पोळ्या करणारी बाई न बघता पीठ मळतेय, मुकादम नुसत्या नजरेने गाडीत किती माल आहे ते सांगतोय, असं दाखवलं की त्या माणसाबद्दल आदर वाटतो, आणि आदर कीवेपेक्षा जास्त पानं टिकतो. मी वाचते त्या बाडांत नायक 'एका कंपनीत नोकरीला' असतो. काय करतो, ते नव्वद पानांत कळत नाही.

मसुद्याचा पहिला भाग आम्ही एका निर्मात्याला ऐकवला. त्यांना आवडला. पण ते म्हणाले, स्लॅबसाठी कुणी रडणार नाही, मुलीला मोठा आजार द्या. वर म्हणाले, 'श्वास' बघा.

मी 'श्वास' पुन्हा पाहिला. संदीप सावंत यांचा २००४चा हा सिनेमा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, भारताकडून ऑस्करला पाठवलेला. परशा या लहान मुलाच्या डोळ्याला कॅन्सर आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. म्हणजे आजार आहेच. पण सिनेमा ज्याच्यामुळे आठवतो तो प्रसंग आजोबांचा आहे. शस्त्रक्रिया लांबल्यावर ते नातवाला कुणाला न सांगता हॉस्पिटलबाहेर घेऊन जातात, दिसतंय तोवर त्याला जग दाखवायला. खेड्यातला माणूस, शहर अनोळखी, डॉक्टरांचा राग ओढवणार हे उघड आहे, तरी तो पोराचा हात धरून निघतो. आपण गहिवरतो ते या निघण्याने. आजार तसाच ठेवून आजोबांना हॉस्पिटलच्या बाकावर रडत बसवलं असतं, तर हा सिनेमा वीस वर्षांनंतर कुणी मला उदाहरण म्हणून दिला नसता. निर्मात्यांना मी हेच सांगितलं. सदाभाऊची मुलगी ठणठणीत आहे आणि तशीच राहणार.

स्लॅबबद्दलही मी ठाम आहे. मुंबईत, नवी मुंबईत आयुष्य काढलेल्या किती माणसांनी गावच्या घरावर स्लॅब पडावा म्हणून दिवस मोजलेत, ते आमच्या वसाहतीत विचारा. कौलं उतरवून स्लॅब टाकणं म्हणजे आपण शहरात गेलो ते फुकट गेलं नाही, याचा गावासमोर दिलेला पुरावा. मोठं दुःख जोडण्यापेक्षा ही इच्छा नीट लिहिणं अवघड आहे आणि आम्हाला तेच करायचंय.

दुसरी सूचना आली ती मांजरीची. हॉलिवूडचे पटकथाकार ब्लेक स्नायडर यांचं 'सेव्ह द कॅट' हे २००५ सालचं पुस्तक पटकथा शिकणाऱ्यांत चांगलंच चालतं. नायकाने सुरुवातीलाच काहीतरी भलं करावं, झाडावरच्या मांजरीला वाचवावं, म्हणजे प्रेक्षक त्याच्या बाजूने होतो, हा त्यातला प्रसिद्ध सल्ला. सल्ला वाईट नाही. पण आमच्याकडे त्याचं रूप असं झालंय की प्रत्येक नायक पाचव्या मिनिटाला कुत्र्याला बिस्किट घालतो किंवा आजीबाईंना रस्ता ओलांडून देतो. यात त्याचं काहीच जात नाही. चांगुलपणाची किंमत मोजताना माणूस दिसला तरच तो चांगुलपणा पडद्यावर खरा वाटतो, असं माझं मत आहे.

सदाभाऊकडे एक छोटी डायरी आहे. मुकादम म्हणून वाराईचा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा, हिशेब त्यात लिहायचा. डायरीच्या शेवटच्या पानांवर त्याने टोळीतल्या प्रत्येकाचं नाव लिहिलंय आणि नावापुढे रेघा मारल्यात. पाळीप्रमाणे आपण खाली असतो तर ज्या गोण्या आपल्या पाठीवर आल्या असत्या, त्या आज कुणाच्या पाठीवर गेल्या, त्याच्या त्या रेघा. दिवसाअखेर मार्केट सोडण्याआधी तो हा हिशेब करतो. मग तो फेडायला लागतो. एकाच्या पोराच्या शाळेचा फॉर्म भरायला स्वतः रांगेत उभा राहतो, दुसऱ्याला रात्रपाळीची गाडी नको असते तर ती आपल्यावर घेतो, म्हणजे पुन्हा गुडघा. ज्यांच्यावर तो हे उपकार करतो त्यांना वाटतं, मुकादम किती मायाळू. फक्त प्रेक्षकाला माहीत आहे की तो कर्ज फेडतोय, आणि रेघा खोडण्यापेक्षा नव्या जास्त पडतायत.

ही डायरी सुचल्यापासून मला त्याची भीती वाटेनाशी झाली. भीती म्हणजे, हा माणूस लबाड वाटेल का, अशी. तो लबाडी करतो. वाटू दे.

'अर्धसत्य' (१९८३) मी अनेकदा पाहते ते यासाठीच. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. त्यातला अनंत वेलणकर हा सबइन्स्पेक्टर पितो, हात उचलतो, कोठडीत एका भुरट्या चोराला मरेपर्यंत मारतो. आणि मग ज्या गुंड पुढाऱ्याचा, रामा शेट्टीचा, त्याला तिटकारा आहे त्याच्याच दारात मदत मागायला जातो. एवढं होऊनही आपण त्याला सोडून जात नाही, कारण तो काय बनू पाहत होता आणि कुणी त्याला बनू दिलं नाही, हे तेंडुलकरांनी आधीच आपल्या हाती दिलेलं असतं. बापाने जबरदस्तीने पोलिसात घातलेला मुलगा आपण पाहिलेला असतो. कोठडीतल्या मारामागे आपल्याला ती सगळी कोंडी दिसते. माफी मिळत नाही त्याला, पण समजून घेतलं जातं. ॲरिस्टॉटलने हे फार पूर्वी सांगून ठेवलंय: अगदी सज्जनाचा नाश पाहून आपल्याला धक्का बसतो, दुर्जनाच्या नाशाचं काही वाटत नाही, करुणा आणि भय वाटतं ते दोघांच्या मधल्या, कुठेतरी चुकलेल्या माणसाबद्दल.

आणखी एक, अगदी व्यवहारातलं. पटकथेत मन लिहिता येत नाही. 'सदाभाऊला अपराधी वाटतं' हे वाक्य कथेत चालेल, पण कॅमेरामनने त्याचं करायचं काय? दिसतं किंवा ऐकू येतं तेवढंच कागदावर टिकतं. माझ्याकडच्या बाडांत मी अशा वाक्यांखाली पेन्सिलने रेघ मारते आणि बाजूला लिहिते, 'तो काय करतो?' लेखक चिडतात. पण उत्तर शोधायला लागले की त्यांच्याच पात्राची त्यांना नव्याने ओळख होते, हे मी पाहिलंय. सदाभाऊची डायरी याच प्रश्नातून आली.

आता अडलंय ते पुढे. डायरी कुणाच्या तरी हाती लागणार, हे तर ठरलंय. मित्राचं म्हणणं, टोळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्याच्या हाती लागावी आणि त्याने ती गुपचूप परत ठेवावी. मला ते फार सोपं वाटतं. मग सदाभाऊला काही करावंच लागत नाही. ज्या तरुण पोराच्या नावापुढे सगळ्यांत जास्त रेघा आहेत त्याच्या हाती ती पडावी, असं मला वाटतं. त्याला त्या रेघा कशाच्या ते कळावं, त्याची पाठ त्या दिवशी दुखत असावी आणि दुसऱ्या दिवशी गाडी लागल्यावर सदाभाऊच्या आधी तोच फाळका धरून वर चढावा. मग सदाभाऊ खाली उभा. वरून पोरगं गोणीचे कान धरून वाट बघतंय.

तिथे सदाभाऊ पाठ देतो की तोंड उघडतो, यावर आमचं अजून एकमत नाही. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "पाठ दील. त्यात काय विचारायचं?" मित्राला वाटतं तो बोलेल. मार्केटात टोळीत काम केलेलं, किंवा तशा घरात वाढलेलं कुणी हे वाचत असेल, तर तुम्ही असता तर काय केलं असतं ते जरूर लिहा. पुढचा मसुदा महिनाअखेर द्यायचाय.