चौदाव्या मिनिटाची उचकी: मूळ सापडलं

सापडलं एकदाचं! माझ्या पॉवर सप्लायच्या बोर्डवर तीन आठवडे ज्या हिकपने (आउटपुट कोसळून पुन्हा उठत राहणं) छळलं, त्याचं मूळ काल रात्री हाती लागलं. कंट्रोलरचा, म्हणजे सप्लाय चालवणाऱ्या चिपचा, त्यात काहीच दोष नव्हता.

बोर्ड असा आहे: सिंक्रोनस बक (वरचा आणि खालचा असे दोन मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आळीपाळीने चालवून व्होल्टेज उतरवणारा सप्लाय), २४ व्होल्ट आत, १२ व्होल्ट ६ अँपिअर बाहेर, ३०० किलोहर्ट्झ, बंद प्लास्टिकचा डबा, पंखा नाही. उघड्यावर तासन्‌तास चालतो. झाकण लावलं की चौदाव्या-पंधराव्या मिनिटाला आउटपुट कोसळतं, उठतं, पुन्हा कोसळतं. डबा बंद केल्यावरच होतंय म्हटल्यावर मी थर्मल शटडाउन (चिप फार तापली की स्वतःच बंद होणं) धरून चाललो होतो. कंट्रोलरवर हीटसिंक चिकटवला, त्याच्या पोटाखाली व्हाया (उष्णता बोर्डच्या पलीकडे नेणारी तांब्याची भोकं) वाढवल्या. दोन मिनिटं जास्त मिळाली, एवढंच.

काल आउटपुटवर स्कोप लावला आणि टाइमबेस लांब केला. दर २५ मिलिसेकंदांनी एक प्रयत्न, अगदी घड्याळासारखा. थर्मल शटडाउन असं वागत नाही. ते बहुतेक कंट्रोलरमध्ये १५० अंशांच्या आसपास लागतं आणि डाय (आतला सिलिकॉनचा तुकडा) बरीच थंड झाल्याशिवाय सुटत नाही. इतकं नेमकं अंतर टायमरचंच. म्हणजे ओव्हरकरंट, करंट मर्यादेपलीकडे गेल्यावर लागणारं संरक्षण! पण लोड तर स्थिर ६ अँपिअर, आणि मर्यादा मी ९.४ ला लावलेली.

ती ९.४ आली कुठून, हे मागे जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. हा कंट्रोलर वेगळा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) न वापरता खालच्या मॉसफेटच्या आरडीएस-ऑनवरच, म्हणजे चालू असतानाच्या रोधावरच, करंट मोजतो. ट्रिप (संरक्षण लागण्याची पातळी) ७५ मिलिव्होल्टला, मॉसफेट ८ मिलिओहमचा, भागाकार ९.४. फक्त ते ८ मिलिओहम २५ अंशांचे! डेटाशीटमधल्या नॉर्मलाइझ्ड आलेखावर १०० अंशांना १.४ पट दिसते, म्हणजे ११.२ मिलिओहम. मर्यादा उतरली ६.७ वर. लोड ६, त्यात रिपलचा (करंटच्या चढउताराचा) अर्धा भाग ०.८, शिखर ६.८. कंट्रोलर हे शिखरच वाचतो, म्हणून त्याने ट्रिप करणं बरोबरच होतं.

मग मॉसफेट खरंच १०० च्या आसपास जातो का? आयआर गन (दुरून तापमान मोजणारं इन्फ्रारेड यंत्र) तर ६२ दाखवत होती. या गनवर छोट्या भागांसाठी कुणी विसंबू नका, हे माझं ठाम मत झालंय. माझ्या गनचं अंतर आणि मोजलेल्या ठिपक्याचं गुणोत्तर १२:१ आहे. फूटभरावरून ती अडीच सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी सांगते, आणि मॉसफेट आहे ५ बाय ६ मिलिमीटर. शेवटी बारीक तारेचा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) घेतला. आधी कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) बसवला तर टोक केसभर उचललं गेलं आणि वाचन वरखाली होत राहिलं. ते काढून थर्मल अ‍ॅडेसिव्हचा मोहरीएवढा ठिपका मॉसफेटच्या पाठीवर ठेवला, तारेचं टोक त्यात बुडवलं, सुकेपर्यंत चिमट्याने धरून बसलो. झाकण लावलं. चौदाव्या मिनिटाला ९८ अंश, आणि त्याच क्षणी पहिली उचकी. त्या आकड्याकडे बघताना झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

गंमत म्हणजे या मॉसफेटमध्ये स्वतःची कंडक्शनची (करंट वाहण्याने होणारी) उष्णता फक्त ०.२ वॅट. आत ७५.२ वॅट जातात, बाहेर ७२ येतात, उरलेल्या ३.२ वॅटमधला मोठा वाटा इंडक्टर (फेराइटच्या गाभ्यावरची कॉइल) आणि वरच्या मॉसफेटचा. इंडक्टर मी चार मिलिमीटरवर ठेवलाय. शेजारी तापतो, म्हणून हा तापतो.

ट्रिपच वाढवून १०५ मिलिव्होल्ट करावी, हा सोपा उपाय नको. मग थंड असताना मर्यादा १३ अँपिअर होते आणि माझा इंडक्टर ११ ला सॅच्युरेट होतो, म्हणजे गाभा भरून तो करंट आवरेनासा होतो. तापल्यावर तर त्याहून आधी. त्याच्या गाभ्यातल्या एन८७ फेराइटची सॅच्युरेशन मर्यादा २५ अंशांना ४९० मिलिटेस्ला, १०० ला ३९०. अशा संरक्षणाचा शॉर्टमध्ये काय उपयोग? म्हणून खालच्या मॉसफेटच्या सोर्समध्ये (ग्राउंडकडच्या टोकाला) ८ मिलिओहमचा मेटल-अ‍ॅलॉय शंट घालतोय. या कंट्रोलरच्या सेन्स पिना तसं करू देतात. ७५ पीपीएमचा (दर अंशाला दशलक्षात ७५ भाग बदलणारा) शंट ७५ अंश तापला तरी फरक अर्ध्या टक्क्याच्या जवळपास. नुकसान ०.१४ वॅट, ते चालेल. शंट घेताना टेम्परेचर कोइफिशंट न छापणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. तिथे तोच आकडा विकत घ्यायचा असतो.

उष्णतेसाठी खालच्या मॉसफेटचं तांबं मोठं करणार होतो, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की त्याचा ड्रेन (दुसरं टोक) म्हणजेच स्विच नोड, जिथलं व्होल्टेज सतत वरखाली उडत असतं. ते तांबं पसरलं की नॉइझही पसरणार. वरच्याचा ड्रेन व्हीआयएनला (स्थिर इनपुटला) आहे, तिथे हवं तेवढं पसरता येईल. त्यामुळे बेत बदलला: बोर्डच्या पाठीला ३ वॅट प्रति मीटर-केल्विन उष्णता-वाहकतेचा पॅड, त्याखाली डब्याच्या तळाऐवजी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. हवेचा आकडा ०.०२६ आहे, म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. पट्टी ग्राउंडला जोडायची, नाहीतर स्विच नोडचं कपॅसिटन्स तिला अँटेना करेल.

अजून एक सुचलंय. शंट आला की तापल्यावर मर्यादा आपोआप उतरण्याचा, नकळत मिळालेला आधार जाईल. त्यासाठी खालच्या मॉसफेटला खेटून एनटीसी (तापल्यावर रोध घटणारा सेन्सर) आणि कंपॅरेटर (दोन व्होल्टेज तुलना करणारी चिप): ९५ ला बंद, ७५ ला सुरू. एनटीसी पट्टीवर नको, तिथे उष्णता उशिरा पोचते.

हॉट-प्लगचं, म्हणजे वीज चालू असताना प्लग लावल्यावर इनपुटवर उसळणाऱ्या व्होल्टेजचं, काम मात्र पक्कं झालं. सिरॅमिक कपॅसिटरच्या जोडीला इनपुटवर इलेक्ट्रोलिटिक टाकल्यावर त्याच्या ईएसआरने (आतल्या रोधाने) रिंगिंग, म्हणजे व्होल्टेजचं हेलकावणं, दाबलं. आधी ४४ व्होल्टपर्यंत उडणारं शिखर आता २९ वर थांबतं. वीस वेळा प्लग खुपसून पाहिला, टीव्हीएसला (जास्तीचं व्होल्टेज गिळणाऱ्या डायोडला) एकदाही काम पडलं नाही.

शंट येईपर्यंत लोड ५ अँपिअरवर ठेवलाय. झाकण बंद आहे, दुसरा तास चालू आहे, खालच्या मॉसफेटवर ८३ अंश. उचकी नाही.