ट्रियरची पायी वारी

जर्मनीतल्या बिटबुर्गचा मुक्काम हलवला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. पुढे लाकडी क्रूस घेतलेला एक मुलगा, त्याच्यामागे मेणबत्ती आणि मग आम्ही 41 जण. मेणबत्ती चांगली हातभर लांब आणि मनगटाएवढी जाड. चार दिवस ती कुणा ना कुणाच्या हातात असते, वाटेत जमिनीवर टेकवायची नाही. दिंडीतली वीणा जशी खाली ठेवत नाहीत, अगदी तशीच. पहिल्या दिवशी ती माझ्या हातात आली आणि मला रडू आवरेना.

आमच्या घरात वारी बाबांची. आळंदी ते पंढरपूर ते 17 वेळा चालले, त्यातल्या दोन वाऱ्यांत मी त्यांच्यासोबत होते. पुढे नोकरीसाठी जर्मनीत आले, कोलोनजवळ घर केलं आणि आषाढ नुसता कॅलेंडरवर उरला. गेल्या वर्षी बाबा गेले. शेजारच्या आजींना हे सांगत होते, तर त्या म्हणाल्या, "आम्हीही चालतो. मेमध्ये, ट्रियरला. तू चल." त्या 71 वर्षांच्या आहेत आणि ही त्यांची तिसावी वारी. एरवी मी त्यांना आडनावानेच हाक मारते, इथली तशी रीत आहे. वाटेवर मात्र आमच्या मेळ्यात सगळेच एकमेकांना अरेतुरे करत होते. दिंडीत सगळे जसे 'माऊली' होतात, तसंच हे.

ही वारी प्रेषित मथायसची. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकून ज्याला बारावा प्रेषित निवडलं, तो हा. 1127 मध्ये ट्रियरच्या मठातलं जुनं चर्च पाडताना त्याच्या अस्थी सापडल्या, असं मानतात. आल्प्स पर्वताच्या उत्तरेला प्रेषिताची समाधी म्हणून पूजली जाते ती हीच. तेव्हापासून ऱ्हाइनकाठच्या गावोगावची मंडळं एकेक गट करून चालत येतात. गटाच्या प्रमुखाला ब्रूडरमायस्टर म्हणतात. चालताना जपमाळेची प्रार्थना चालू असते: पुढच्यांनी अर्धी म्हणायची, मागच्यांनी उरलेली अर्धी झेलायची. दुसऱ्या दिवसापर्यंत शब्द कळत नव्हते, पण पावलं आपोआप त्या ठेक्यावर पडत होती.

वाट आयफेलच्या डोंगराळ मुलखातून जाते. चढ, उतार, बीचची जंगलं, पिवळीधमक मोहरीची शेतं. कोलोनहून ट्रियरला जाणारा रोमनांचा रस्ता याच मुलखातून जायचा आणि बिटबुर्ग हे त्यावरचं मुक्कामाचं ठाणं होतं, तेव्हाचं नाव बेडा. तिसऱ्या दिवशी माझ्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. आजींनी बसवलं, सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा आतच ठेवून पट्टी बांधली. बाबाही असंच करायचे.

चौथ्या दिवशी दुपारी जंगल संपलं आणि मोझेल नदीच्या पश्चिमेच्या लाल दगडाच्या कड्यावरून ट्रियर दिसलं. खाली नदी, नदीवर पूल, पलीकडे शिखरंच शिखरं. सगळे थांबले, कुणी टोप्या काढल्या. पंढरपूरच्या अलीकडे कळस दिसल्यावर होतं तेच काळजात झालं.

त्या पुलावरून आम्ही गावात शिरलो. नदीला इथे पहिला लाकडी पूल ख्रिस्तपूर्व 18-17 मध्ये बांधला गेला. पाण्याखाली सापडलेल्या खांबांच्या लाकडातली वर्तुळं मोजून हे साल निघालं आहे. ऑगस्टस सम्राटाच्या नावाचं हे शहर तेव्हापासूनचं. आजच्या पुलाचे काळेशार दगडी खांब दुसऱ्या शतकातले आहेत आणि त्यांच्यावरून आजही मोटारी जातात. त्या खांबांना हात लावता आला नाही, वरून वाकून डोळे भरून पाहिलं. चौथ्या शतकात रोमचे सम्राट इथे राहून राज्य करत. कॉन्स्टंटाइनच्या दरबाराचा 67 मीटर लांबीचा दिवाणखाना उभा आहे. आत एक खांब नाही, नुसती उंचच उंच विटांची भिंत. त्याचा पुढे बिशपांचा वाडा झाला, 1856 पासून ते प्रोटेस्टंट चर्च आहे. 1944 च्या बाँबहल्ल्यात जळालं, परत उभं केलं.

मठाची घंटा वाजत होती. एक साधू दारापर्यंत आले आणि गाणं म्हणत आम्हाला आत घेऊन गेले. मेणबत्ती समाधीपाशी पोचवली आणि संध्याकाळी आजींनी मला शहर दाखवायला नेलं. पट्टी बांधलेल्या टाचेने मी आणखी तीन तास चालले.

पोर्टा निग्रा, म्हणजे काळा दरवाजा, मी फोटोत शंभरदा पाहिला होता. जवळ गेल्यावर दिसली ती भोकं. इ.स. 170 च्या सुमाराला ही वेस बांधली तेव्हा चुना वापरला नाही. मोठमोठे वालुकाश्म एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडले आणि आकडे शिसं ओतून पक्के केले. रोमन राज्य गेल्यावर लोकांनी लोखंड आणि शिशासाठी दगड कोरून ते आकडे उपसून नेले. एका भोकात मी बोट घातलं, दोन पेरं आत गेलं. कडेला छिन्नीचे वण अजून हाताला लागतात.

शहराला अशा आणखी वेशी होत्या. त्यांचे दगड घरं बांधायला गेले. मग ही एकच कशी राहिली? सिमिऑनमुळे. सिमिऑन मूळचा सिसिलीतल्या सिराक्यूजचा, ग्रीक बोलणारा. तरुणपणी तो जेरुसलेममध्ये यात्रेकरूंना वाट दाखवायचा, पुढे सिनाईच्या मठात साधू झाला. ट्रियरच्या पोप्पो नावाच्या आर्चबिशपबरोबर त्याने पवित्र भूमीची यात्रा केली आणि 1030 च्या सुमाराला याच वेशीच्या पूर्वेकडच्या बुरुजात स्वतःला चिणून घेतलं. आयुष्यभर वाट चाललेला माणूस एका खोलीत बसला आणि 1035 मध्ये तिथेच गेला. त्याच वर्षी त्याला संत म्हणून मान मिळाला आणि पोप्पोने वेशीतच एकावर एक अशी दोन चर्चं बांधली. देवळाचा दगड कोण काढणार? पुढची पावणेआठशे वर्षं वेस त्याच्या आधाराने उभी राहिली. 1804 मध्ये नेपोलियन आला आणि त्याने चर्च काढून रोमन वेस मोकळी करायचा हुकूम दिला. पूर्वेकडचा अर्धगोल गाभारा तेवढा शिल्लक आहे. वेस पाहून मला आनंद झाला, पण चर्च गेल्याची हळहळही वाटली. मला विचाराल तर या शहरात जे टिकलं त्यातलं बरंचसं कुणीतरी तिथे दिवा लावत राहिलं म्हणून टिकलं. मुख्य कॅथेड्रलच्या पोटातही चौथ्या शतकातल्या रोमन भिंती तशाच आहेत.

पण दिव्याखालचा अंधार आजींनी झाकून ठेवला नाही. मोठ्या बाजारचौकात 958 सालच्या क्रूसाच्या खांबापासून चार पावलांवर एक कमान आहे, आत अरुंद बोळ, ज्यू गल्ली. 1096 मध्ये क्रुसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेल्या जमावाच्या भीतीने इथल्या ज्यूंना धर्म सोडायला भाग पाडलं, 1349 मध्ये प्लेगच्या वेळी त्यांची कत्तल झाली आणि 1418 मध्ये उरलेल्यांना हाकलून दिलं. सोळाव्या शतकाच्या शेवटी चेटकिणी ठरवून शेकडो माणसं याच मुलखात मारली गेली. आजींनी मला येशुसंघाच्या (जेझुइटांच्या) चर्चच्या तळघरात फ्रीडरिश श्पे या पाद्र्याची कबर दाखवली. 1631 मध्ये त्याने निनावी पुस्तक लिहून सांगितलं की छळ करून घेतलेला कबुलीजबाब खरा नसतो. 1635 मध्ये साथीच्या रुग्णांची सेवा करताना तो इथेच गेला. आजी तिथे गुडघ्यावर बसल्या. मीही बसले, आणि दिवसभरात पहिल्यांदाच मनापासून प्रार्थना केली.

परतताना कार्ल मार्क्स लहानाचा मोठा झाला ते घर लागलं, काळ्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर. त्याचे पूर्वज ट्रियरचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते. 1844 मध्ये येशूचा झगा मानलं जाणारं वस्त्र दर्शनाला ठेवलं तेव्हा पाच लाख माणसं या गावात आली. तेव्हा मार्क्स पॅरिसला होता.

रविवारी सकाळी मठात शेवटची प्रार्थना झाली. आमची मेणबत्ती पेटली. ब्रूडरमायस्टरांनी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायला घेतली, बहुतेक त्यांच्याच गावातली. शेवटचं नाव बाबांचं होतं. आमच्या आडनावात 'ळ' आहे. आदल्या रात्री त्यांनी मला बाजूला घेऊन तो चार वेळा म्हणून दाखवायला लावला होता.