पाडव्याच्या आत बेडरूम

आमच्याकडे गुढी बेडरूममध्ये असते. म्हणजे उभारतो खिडकीतच, पण ती खिडकी बेडरूमची, कारण हॉलची गॅलरी आधीच्या मालकांनी आत घेऊन टाकलीय, तिथे स्लायडिंग आहे आणि काठी बाहेर काढायला जागाच नाही. त्यामुळे पाडव्याला सकाळी सकाळी दीर-जाऊ, त्यांची दोन पोरं, वरच्या काकू, सगळे चपला काढून थेट आमच्या पलंगापाशी. २०२४ च्या पाडव्याला आई, म्हणजे सासूबाई, गुढीला हळदकुंकू वाहत होत्या आणि जावेचा धाकटा पलंगाच्या मागे कोपऱ्यात बसून भिंतीचे पापुद्रे सोलत होता. हातात ही एवढी मोठी कपची धरून सगळ्यांसमोर विचारतो, "काकू, तुमच्या भिंतीची सालं का निघतात?" तेव्हाच ठरवलं की पुढच्या पाडव्याच्या आत ही खोली नीट करायचीच.

आणि मग अर्थातच पुढची होळी येईपर्यंत विसरले.

२०२५ ला होळी १३ मार्चला होती आणि पाडवा ३० ला. मधे सतरा दिवस. खोली दहा बाय अकरा, पुण्यातल्या जुन्या बिल्डिंगमधली, पश्चिमेला बाहेरची भिंत, उत्तरेला खिडकी आणि खिडकीबाहेर कडुनिंब. दक्षिणेला फिक्स कपाट, त्यामुळे तिकडे काही हलवायचा प्रश्नच नाही. पडदे मरून रंगाचे, जाड, कोणीतरी लग्नात दिलेले. माझ्या डोक्यात प्लॅन एकदम साधा होता, पिस्ता रंग, हलके कॉटनचे पडदे, एक वेताचा लॅम्प, नवीन बेडशीट, संपलं. रीलमध्ये चाळीस सेकंदात होतं ते सगळं. मी तर उत्साहात पहिल्याच दिवशी लॅम्प घेऊन आले अठराशेचा, जो पुढे दोन आठवडे डायनिंग टेबलवर पिशवीत पडून होता.

पेंटरदादा शनिवारी आले. त्यांनी शेडकार्डाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ त्या कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसले, नखाने थोडं खरवडलं, पांढरी पावडर आली ती बोटावर चोळून बघितली आणि म्हणाले, "ताई, ही ओल जुनी नाहीये. चालू आहे." मी म्हटलं अहो मार्च महिना आहे, पाऊस जाऊन पाच महिने झाले. तर ते म्हणाले तेच तर, पावसाची असती तर एव्हाना सुकली असती ना. मग त्यांनी एक गोष्ट करायला सांगितली जी मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय: जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्यायचा, भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. मी दोन तुकडे लावले, एक वर आणि एक खाली कोपऱ्यात. रविवारी बघितलं तर वरचा कोरडा ठणठणीत आणि खालच्याच्या आत असे टपोरे थेंब, डब्याच्या झाकणाला वाफेचे येतात ना तसे.

मग प्लंबर. बाहेरून जाणाऱ्या पाइपचा जॉइंट सुटला होता, वरच्या मजल्याच्या बेसिनचं पाणी रोज थोडं थोडं आमच्या भिंतीवर. किती वर्षं कोण जाणे. आम्ही आजवर दोनदा त्या कोपऱ्याला रंग मारून घेतलाय, दोन्ही वेळा एका पावसाळ्यात सोलून निघाला आणि आम्ही रंगाला शिव्या घातल्या. जॉइंटचं काम साडेसहाशे रुपयांत झालं, पण तो खर्च कोणाचा आणि दोरीवर लटकून काम करायची परवानगी कोणाची यावर सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस जे काही चाललं ते इथे लिहीत नाही.

आता भिंत सुकायला हवी. पेंटरदादांनी कोपऱ्यातला दोनेक फुटांचा पट्टा विटेपर्यंत खरवडून उघडा ठेवला आणि बजावलं की इथे आत्ता पुट्टीही लावायची नाही, पाडवा असो की काही असो, आतलं पाणी बाहेर यायला वाट लागते, वरून बंद केलं की पुन्हा फुगणार. बाकीच्या भिंती करू, हा पट्टा मे महिन्यात. मला पटत नव्हतं, मी मूळ त्या कोपऱ्यासाठीच तर सगळा घाट घातला होता! पण माणूस स्वतःचं काम पुढे ढकलून सांगतोय म्हणजे खरंच सांगत असणार.

पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून ओढून समोर पूर्वेच्या, म्हणजे हॉलकडच्या आतल्या भिंतीला लावला, तात्पुरता. त्या रात्री झोपलो आणि अडीच-तीन वाजता मला चक्क पायाशी चादर शोधावी लागली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात! आधी वाटलं ढग वगैरे आले असतील. दुसऱ्या रात्री पण तेच. मग तिसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता मी जाऊन दोन्ही भिंतींना हात लावून बघितला, पश्चिमेची भिंत तव्यासारखी नाही म्हणणार पण इस्त्री बंद केल्यावर दहा मिनिटांनी जेवढी असते तेवढी गरम. दुपारी बारापासून उन्ह खाते ती वीट आणि रात्री आत सोडत बसते, आणि आम्ही बारा वर्षं त्याच भिंतीला उशा टेकवून झोपत होतो आणि दर उन्हाळ्यात एसी घ्यायचा का यावर भांडत होतो. आई लग्न झाल्यापासून सांगतायत की पश्चिमेला डोकं करू नका, पूर्वेला करा. मी ते वास्तूचं खूळ म्हणून सोडून द्यायचे. त्यांना सांगितलं तर काही बोलल्या नाहीत, फक्त चहात आलं जास्त घालून दिलं.

तर पलंग तिथेच राहिला. खिडकीतून येणारा कडुनिंबाच्या मोहोराचा वास पण आता थेट तोंडावर येतो, हे बोनस. पण लाइटचं बटण राहिलं पलीकडच्या भिंतीवर, त्यामुळे रोज रात्री शेवटी आडवा होणाऱ्याने अंधारात चाचपडत यायचं. नवरा दोनदा अंगठा आपटून झालाय.

रंगाचं सांगते. सॅम्पलचा छोटा डबा आणून भिंतीवर पिस्त्याचा चौकोन मारला. ओला असताना सुंदर, वाळल्यावर एक शेड गडद, आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये... आई दारातूनच म्हणाल्या, "अगं, इंजेक्शन कुठे देणार आहेत?" बास, तो रंग तिथेच मेला. मग ताकासारखा, किंचित पिवळट पांढरा घेतला. चार लिटरमध्ये दोन हात होऊन थोडा उरला, तो झाकण घट्ट बंद करून कोपऱ्यासाठी ठेवला. पुट्टी घासताना जी धूळ झाली ती मात्र कपाटाची दारं बंद असूनही आतल्या साड्यांवर बसली, कडांना टेप लावायला हवी होती. हे कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय.

पडद्यांचं कापड रविवार पेठेतून आणलं, सुती, पांढऱ्यावर बारीक चौकड्या, आणि हौसेने टेलरला खिडकीचं बरोब्बर माप दिलं, पाऊण इंच इकडे नाही की तिकडे नाही. शिवून आले, लावले, झकास. मग त्यातली खळ जावी म्हणून धुतले. शुक्रवारी संध्याकाळी वाळलेले परत लावले तर पडदे खिडकीच्या चौकटीपेक्षा चांगले चार बोटं वर. उंच झालेल्या मुलीचा मागच्या वर्षीचा परकर असतो तसे. सुती कापड आधी पाण्यातून काढून मग शिवायला टाकायचं हे मला माहीत आहे हो, माझी आई ब्लाउजपीससुद्धा भिजवल्याशिवाय टेलरकडे द्यायची नाही. पण माहीत असणं आणि घाईत आठवणं वेगळं. पाडवा रविवारी, टेलर म्हणाला सोमवारनंतर बघू.

मी तिथेच पलंगावर बसले होते तोंड पाडून, तर आई कपाटातून एक गाठोडं घेऊन आल्या. आत खण. आमच्याकडे गुढीला साडी नाही, खण असतो, दरवर्षी नवा, आणि उतरवला की घडी करून आत, ब्लाउज काही कोणी शिवत नाही. नऊ निघाले. काही साधेच होते पण तीन-चार कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे, त्या बारीक विणीचे, काठ असे की बोट फिरवलं की कळतं. मी म्हटलं आई, गुढीचे खण पडद्याला लावायचे? त्या म्हणाल्या, "गुढी कुठे उभारतो आपण? याच खिडकीत ना. मग कुठे लांब चाललेत?"

पण लावायच्या आधी त्यांनी पांढरा रुमाल ओला करून एकेका खणावर घासला. जांभळ्याचा रंग रुमालावर उतरला, तो बाद. हिरवा आणि आंब्याच्या रंगाचा पक्का निघाला. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी त्यांचं पायाचं मशीन काढलं, मी पट्ट्या कापून देत होते, एका पडद्याला दीड खण लागला, जोड मधोमध येऊ नये म्हणून त्यांनी तो बाजूला घेतला आणि पट्टी मुद्दाम सहा बोटं ठेवली, म्हणाल्या, "अजून आटले तर?" साडेअकराला काम संपलं. तेवढ्यात नवऱ्याने तो लॅम्प एकदाचा पिशवीतून काढून लावला आणि भिंतीवर वेताच्या जाळीची सावली पडली, ती छान दिसते हे मान्य. अठराशेची दिसते का ते माहीत नाही.

मरून पडदे फेकले नाहीत. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून छज्जा नाही, तिथे उन्ह अडवायला काही करता येईल का बघतोय, तोवर माळ्यावर. गाद्या गच्चीत दोन दिवस उन्हात टाकून झाल्या, सोलापुरी चादरी धुऊन आत गेल्या, पातळ दोहरी बाहेर आल्या. आई गोधडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात, मी डांबरगोळ्या घालते, दोघी एकमेकींच्या काढून टाकतो.

उघड्या पट्ट्यासमोर जुनी ट्रंक ठेवली, भिंतीपासून वीतभर सोडून म्हणजे वारा जाईल, वर आंब्याच्या रंगाच्या खणाचा उरलेला तुकडा टाकला. पाडव्याला सकाळी सगळे आले. काठीला खण, कडुनिंबाचा डहाळा, गाठी, वर गडू, आणि खाली पडद्यांना मागच्या गुढ्यांचे खण, जाऊबाई ते बघतच राहिल्या, मला दोन मिनिटं फार भारी वाटलं. तेवढ्यात धाकटा ट्रंकेमागे गेला.

"काकू, आता तर विटाच दिसतायत!"

पेंटरदादा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आले, परत प्लॅस्टिक लावून बघितलं, कोरडं, तेव्हा पट्टा भरला आणि उरलेल्या रंगात बसला. लाइट पलंगापासूनही बंद करता यावा म्हणून टू-वे स्विचचं इलेक्ट्रिशियनला सांगितलंय. फॅन मात्र अजून जुन्या जागीच आहे, वारा नेमका पलंगाच्या पायाशी लागतो, आणि हूक हलवायचा तर स्लॅबला ड्रिल मारावं लागेल म्हणे. नवरा म्हणतो दिवाळीत बघू.