लिंकनच्या जाहीरनाम्यातून कोण सुटलं, कोण राहिलं

१ जानेवारी १८६३ला राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि अमेरिकेतली गुलामगिरी संपली, असं आपण शाळेत शिकतो. मूळ मजकुरात मात्र यादवी युद्धात देशातून फुटून निघालेल्या दहा बंडखोर राज्यांची यादी आहे आणि त्या यादीतच वगळलेले भाग आहेत: न्यू ऑर्लिन्ससह लुइझियानातले १३ पॅरिश (तिथले जिल्हे), पुढे वेस्ट व्हर्जिनिया झालेल्या ४८ काउंट्या (म्हणजे जिल्हेच), व्हर्जिनियातल्या आणखी ७. टेनेसी हेही फुटलेलं राज्य, पण त्याचं नावच नाही. युनियनमध्येच, म्हणजे लिंकन सरकारच्या बाजूला, राहिलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी ही राज्यंही बाहेर, आणि गुलामगिरी तिथेही होती.

याचं कारण लिंकनच्या अधिकारात आहे. राज्यांमधली गुलामगिरी राष्ट्राध्यक्षाला एरवी हुकमाने मोडता येत नव्हती. सरसेनापती म्हणून शत्रूचं बळ तोडणं तेवढं हातात होतं. जिथे बंड नाही तिथे हा आधार लटका पडला असता.

पण यावरून जाहीरनाम्याने कोणीच सुटलं नाही, असं काहीजण म्हणतात, तेही मला पटत नाही. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची बेटं १८६१पासून युनियनच्या ताब्यात होती आणि ती वगळलेली नव्हती. तिथले हजारो लोक त्याच दिवशी कायद्याने मोकळे झाले. बाकी ठिकाणी फौज पोचेल तसतशी सुटका झाली, आणि त्या फौजेत कृष्णवर्णीयांना घेण्याची तरतूदही याच मजकुरात होती. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. पगार महिना १० डॉलर, त्यातले ३ कपड्यांसाठी कापून. गोऱ्या शिपायाला १३. समान पगाराचा कायदा व्हायला जून १८६४ उजाडला.

टेक्सासात गॅल्व्हेस्टनला १९ जून १८६५ रोजी युनियन फौजेच्या जनरल ग्रेंजरचा हुकूम क्रमांक ३ निघाला. तो पूर्ण वाचावा. सगळे गुलाम मुक्त, असं सुरुवातीलाच म्हटलंय; आणि शेवटी त्यांनाच सल्ला: आहात तिथेच शांत राहा, मजुरीवर काम करा, लष्करी ठाण्यांवर गोळा होऊ नका. जमीन नाही, भरपाई नाही.

युद्ध संपल्यावर युद्धकाळातल्या हुकमाचं काय, ही भीती खरी होती. देशभर गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्यासाठीच. ३६पैकी २७ राज्यांची मंजुरी ६ डिसेंबर १८६५ला पुरी झाली. केंटकी आणि डेलावेअरमधले गुलाम तेव्हा कुठे सुटले. पण त्यातही एक फट राहिली: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची गुलामी चालेल.

मिसिसिपीने त्याच हिवाळ्यात कायदा केला. कृष्णवर्णीय माणसाने दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी काम किंवा घर असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. नसला तर तो भटक्या ठरायचा आणि त्याला दंड व्हायचा. पाच दिवसांत दंड भरला नाही, तर जो भरेल त्याच्याकडे शेरीफ त्याला राबायला देई. पुढे दक्षिणेत कैदीच खाणी-मळ्यांना भाड्याने देण्याची पद्धत रुळली. अलाबामात ती १९२८पर्यंत चालली. शिक्षेचा तो अपवाद देशाच्या घटनेत आजही आहे. कोलोरॅडोने २०१८मध्ये मतदान घेऊन तो निदान स्वतःच्या राज्यघटनेतून काढला.