प्रोजेक्ट ऑनलाइन बंद होतंय: डेटा हलवताना तारखांमागची कारणंही उचला

३० सप्टेंबर २०२६ ला मायक्रोसॉफ्टचं कामांचं वेळापत्रक ठेवायचं टूल, प्रोजेक्ट ऑनलाइन, बंद होतंय हे आता सगळ्यांना माहीत झालंय, नवीन गिऱ्हाइकांना विकणं तर १ ऑक्टोबर २०२५ पासूनच थांबलं, आणि ज्यांच्याकडे स्वतःच्या सर्व्हरवर प्रोजेक्ट सर्व्हर २०१६ किंवा २०१९ आहे त्यांचाही सपोर्ट १४ जुलै २०२६ ला संपतोय. म्हणजे एकाच वर्षात बऱ्याच जणांना घर बदलायचंय. कोणी मायक्रोसॉफ्टच्याच प्लॅनरकडे चाललंय, कोणी प्रोजेक्ट सर्व्हरच्या सबस्क्रिप्शन एडिशनकडे, कोणी पूर्ण वेगळंच टूल घेतंय. कुठे जायचं यावर भरपूर लिहून आलंय त्यामुळे ते मी सोडतो, मला बोलायचंय ते न्यायचं काय यावर. कारण मी ज्या ज्या मीटिंगला बसतो तिथे सगळे विचारतात किती प्रोजेक्ट, किती टास्क, किती जीबी, पण त्या टास्कवर ती तारीख का आहे हे कोणीच विचारत नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की माहितीचा सगळ्यात महागडा भाग तोच आहे.

आमचं काम विदर्भात वीजवाहिन्या टाकणं आणि सबस्टेशन उभारणं, ऑफिस नागपुरात, साइट्स काटोल-नरखेडपासून पार गडचिरोलीपर्यंत. मी पीएमओमध्ये, सगळ्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफिसात आहे, म्हणजे साइटवाल्यांनी सांगितलेलं प्लॅनमध्ये उतरतंय की नाही आणि प्लॅनमधलं वर साहेबांना नीट दिसतंय की नाही हे बघणं माझं काम. त्यामुळे मायग्रेशन, म्हणजे हे डेटा हलवणं, माझ्याच टेबलावर आलं.

तर एक उदाहरण. एका लाइनच्या प्लॅनमध्ये डिसेंबरात दोन टास्कच्या मध्ये दहा दिवसांचा लॅग, म्हणजे एक संपून दुसरं सुरू होण्यातलं अंतर, होता. खाली काही लिहिलेलं नाही, नोट नाही, काही नाही. मायग्रेशन करणाऱ्या टीममधल्या पोराने तो स्वच्छ करायच्या यादीत टाकला, म्हणे विनाकारण गॅप आहे. आमचे सीनियर प्लॅनर काका शेजारीच बसले होते, ते म्हणाले, "त्याले हात नको लावू बावा, डिसेंबरात अधिवेशन राह्यते, साहेब लोक सापडत नाहीत, परवानगीची फाइल हालत नाही." बस. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की सगळे अधिकारी त्यात गुंततात, त्या काळात सही मिळेल असं धरून प्लॅन केला की तो पडतोच, हे काकांना अनुभवाने माहीत आणि म्हणून त्यांनी तो लॅग दरवर्षी घातलेला. डेटाबेसमध्ये त्याची नोंद फक्त एक आकडा. काका नसते तर तो लॅग गेला असता आणि पुढच्या डिसेंबरात आपण सगळे एकमेकांना विचारत बसलो असतो की उशीर काहून झाला.

असे लॅग आणि अशा तारखा प्लॅनभर पसरलेल्या आहेत. काटोल साइडला दोन टॉवरमधली तार ओढायची, म्हणजे स्ट्रिंगिंगची, तारीख डिसेंबरनंतर टाकलेली असते, कारण खाली संत्र्याच्या बागा आहेत आणि आंबिया बहार तुटल्याशिवाय शेतकरी आत जाऊ देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, वर्षाचं पीक आहे त्याचं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतात फाउंडेशनचं साहित्य घेऊन ट्रक जातच नाही, चाकं रुततात, म्हणून जून ते सप्टेंबर फाउंडेशन जवळजवळ थांबलेलं. रेल्वे क्रॉसिंगला ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाची वेळ, मिळायला लागणारा वेळ, गडचिरोलीकडे जंगल खात्याची परवानगी, चालू लाइनचं शटडाउन. यातली काही कारणं टास्कच्या नोट्समध्ये लिहिलेली सापडली, बरीचशी नाही सापडली. आणि नोट्सबद्दल लक्षात ठेवा, एक्सेलला एक्सपोर्ट करताना तो कॉलम आपण मुद्दाम मॅपमध्ये, म्हणजे न्यायच्या कॉलमच्या यादीत, घेतला नाही तर येत नाही, आणि आला नाही तरी एरर वगैरे काही दिसत नाही.

आता तांत्रिक भागाकडे येतो, इथे पण तीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते.

पहिली गोष्ट बेसलाइन, म्हणजे ठरलेल्या प्लॅनची गोठवून ठेवलेली प्रत. प्रोजेक्टमध्ये एका टास्कला अकरा बेसलाइन ठेवता येतात, बेसलाइन आणि मग बेसलाइन १ ते १०. आमच्याकडे पद्धत अशी की मूळ करार झाला की पहिली, आणि नंतर क्लायंटने मुदतवाढ दिली की पुढची. म्हणजे काम किती वेळा आणि किती सरकलं याची पूर्ण कहाणी त्या बेसलाइनमध्ये आहे. बहुतेक मायग्रेशन टूल चालू तारखा नेतात, फार तर एक बेसलाइन नेतात. आणि नेल्यावर नवीन सिस्टीममध्ये कोणीतरी उत्साहाने नव्याने बेसलाइन सेट करतो, झालं, सगळा व्हेरियन्स, म्हणजे ठरलेल्यापासूनचा फरक, शून्य, सगळे प्रोजेक्ट हिरवे. डॅशबोर्ड बघायला छान वाटतो पण त्याचा अर्थ हा की आतापर्यंतचा सगळा उशीर पुसला गेला, आणि पुढच्या टेंडरला अंदाज बांधताना आपल्याकडे काहीच उरलं नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण तो उशीर साइटवरच्या माणसांनी उन्हातान्हात भोगलेला असतो, त्यातून जे शिकायचं ते निदान कागदावर तरी राहायला पाहिजे. नवीन टूलमध्ये अकरा बेसलाइनला जागा नसेल तर वेगळ्या टेबलात ठेवा, रिपोर्टच्या पॉवर बीआय टूलमध्ये जोडा, पण टाकून देऊ नका.

दुसरी गोष्ट तारखा आणि कन्स्ट्रेंट, म्हणजे तारखेवरचं बंधन. एक्सेलमधून टास्क आणताना स्टार्ट डेटचा कॉलम पण आणला की प्रोजेक्ट त्या टास्कवर 'यापेक्षा लवकर सुरू करू नका' असं बंधन आपोआप लावतो. प्लॅन दिसायला अगदी तोच, सगळ्या तारखा जुळतात, तपासणारा खूश. पण नंतर एखादं फाउंडेशन आठवडाभर आधी झालं तर पुढचं टॉवर उभारणीचं टास्क अलीकडे ओढलंच जात नाही, ते आपल्या जागी बसून राहतं. उशीर झाला तर सरकेल, लवकर झालं तर नाही. म्हणजे लिंकवर, टास्कच्या एकमेकांशी जोडणीवर, चालणारा प्लॅन तारखांना खिळला जातो. म्हणून कालावधी आणि लिंक आणा, तारखा सिस्टीमला काढू द्या, आणि मग जुन्या तारखांशी जुळवून बघा, जिथे फरक येतो तिथेच एक न सांगितलेलं कारण लपलेलं असतं. खरं सांगतो, ही जुळवणी करतानाच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, पीएमओमध्ये इतकी वर्षं बसून जे कळलं नव्हतं ते त्या फरकाच्या यादीतून कळलं.

लिंकबद्दल अजून एक, प्रेडिसेसर, म्हणजे आधीच्या टास्कच्या, कॉलममध्ये जो नंबर असतो तो ओळीचा नंबर असतो. एक्सेलमध्ये कोणी सॉर्ट केलं किंवा मधल्या चार ओळी उडवल्या की सगळ्या लिंक दुसऱ्याच टास्कला जाऊन चिकटतात. युनिक आयडी वेगळा असतो, तो बदलत नाही, जोडणी त्यावरच करा.

तिसरं कॅलेंडर, आणि इथे नागपूरकरांनी जास्त लक्ष द्यायला पाहिजे. डिफॉल्ट कॅलेंडर म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, दिवसाचे आठ तास. आमची साइट सहा दिवस आणि दहा तास चालते. प्रोजेक्ट आतमध्ये कालावधी दिवसांत साठवत नाही, वेळेत साठवतो आणि दाखवताना दिवसाच्या तासांनी भागतो. त्यामुळे जुन्याकडे १० दिवसांचं म्हणजे १०० तासांचं टास्क नव्याकडे आठ तासांच्या सेटिंगमध्ये १२.५ दिवसांचं दिसतं आणि साइट इंजिनिअरचा फोन येतो की माझं काम कोणी वाढवलं. आणि सुट्ट्या. आमच्या नागपूर कॅलेंडरमध्ये पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची सुट्टी टाकलेली आहे, मारबत-बडग्याची मिरवणूक आणि तान्हा पोळा, त्या दिवशी शहरात मटेरियल हलत नाही आणि गावात मजूर मिळत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या दोन-तीन दिवसांत शहरातून ट्रेलर नेणं शक्य नाही, तेही अपवाद म्हणून टाकलेलं. नवीन टूल सेट करणारी टीम बाहेरगावची, त्यांनी राष्ट्रीय सुट्ट्यांची तयार यादी लावली. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना कोण सांगणार होतं? आपणच सांगायला पाहिजे.

वेळेच्या झोनचा घोळ पण आहे. नवीन सिस्टीम तारीख यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, साठवत असेल तर ज्या फील्डमध्ये नुसती तारीख आहे ती रात्री बाराची धरली जाते, आणि आपल्याकडचे १ एप्रिलचे रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीत ३१ मार्चचे १८:३०. रिपोर्टने तेवढी तारीख उचलली की बिलिंगचा माइलस्टोन मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसला. अकाउंट्सवाले हे पहिल्या फटक्यात पकडतात, प्लॅनिंगवाल्यांना एका दिवसाचा फरक दिसतच नाही, म्हणून तपासणीला अकाउंट्सचा एक माणूस पहिल्यापासून सोबत ठेवा.

जुन्या सिस्टीममधून डेटा काढायला तिचा ओडेटा फीड, म्हणजे टेबलं वाचायची जोडणी, चांगला आहे, प्रोजेक्ट, टास्क, असाइनमेंट, रिसोर्स, टाइमशीट सगळ्यांचे टेबल वेगवेगळे मिळतात. फक्त उत्तर पानापानांनी येतं आणि शेवटी पुढच्या पानाची लिंक असते, स्क्रिप्टने ती लिंक धरली नाही तर पहिलंच पान हातात येतं आणि सगळं व्यवस्थित झाल्यासारखं वाटतं. प्रोजेक्टच्या एमपीपी फाइल थेट वाचायच्या असतील तर एमपीएक्सजे नावाची ओपन सोर्स लायब्ररी आहे, ती प्रिमावेरा या दुसऱ्या प्लॅनिंग टूलच्या एक्सईआर फाइल पण वाचते, ज्यांच्याकडे दोन्ही टूल आहेत त्यांना फार कामाची. आणि मराठीत नावं असतील, आमच्याकडे गावांची आणि साइटची आहेत, तर सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये बीओएमसकट (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) सेव्ह करा, नाहीतर एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की कोंढाळीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात आणि कोणीतरी ती तशीच सेव्ह करून पुढे पाठवतो.

सोडून गेलेल्या माणसांचं काय करायचं हा प्रश्न येतोच. त्यांचं अकाउंट बंद करा पण रिसोर्स डिलीट करू नका, त्यांचे टाइमशीटचे तास त्या नावावर आहेत. सर्व्हेच्या कामाला खरोखर किती तास लागतात हे आम्हाला एका निवृत्त सर्व्हेअरच्या तासांवरूनच कळतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. टास्कला एक नवीन फील्ड टाकलं, त्याचं नाव नुसतं 'कारण'. सगळ्या टास्कला भरायचं नाही, तेवढा वेळ कोणाकडेच नाही. जिथे लॅग आहे, जिथे तारखेचं बंधन हाताने टाकलंय, आणि जिथे मूळ बेसलाइनपासून महिन्याहून जास्त सरकलंय, तेवढेच टास्क फिल्टर करून काढले. मग प्रत्येक प्लॅनरला घेऊन बसलो, काकांसोबत सगळ्यात जास्त. एक जण विचारतो, ते सांगतात, दुसरा टाइप करतो. "फॉरेस्टची जॉइंट इन्स्पेक्शन पावसात होत नाही." "या गावात सरपंच बदलला आणि मोबदल्याची बोलणी पहिल्यापासून झाली." "ट्रान्सफॉर्मर आला पण पुलावरून ट्रेलर जाऊ देत नव्हते." एका ओळीत एक कारण, त्यांच्याच शब्दांत. वरून एक प्रश्न आला की एवढा वेळ यात कशाला घालवता, डेटा तर टूल नेतंय ना. मी म्हटलं साहेब, टूल तारीख नेईल, सरपंचाला टूल कसं नेणार. त्यांनी ते काकांच्या शेजारी बसून अर्धा तास ऐकलं आणि मग स्वतःच दोन कारणं भरून गेले, कारण त्या वाटाघाटीत ते स्वतः होते.

जुळवणीसाठी प्रत्येक प्रोजेक्टला टास्कची संख्या, लिंकची संख्या, एकूण तास, प्रत्येक बेसलाइनचा खर्च, सगळ्यात आधीची सुरुवात आणि सगळ्यात शेवटची तारीख, दोन्हीकडून काढून समोरासमोर ठेवतो. रिस्क आणि इश्यू शेअरपॉइंटच्या प्रोजेक्ट साइटवर असतात, ते प्लॅनसोबत आपोआप येत नाहीत, त्यांचं वेगळं काम धरा. बंद झालेल्या प्रोजेक्टच्या एमपीपी फाइल आम्ही नवीन टूलमध्ये टाकणारच नाही, त्या जशाच्या तशा ठेवणार, सोबत तोच डेटा साध्या टेबलात पण.

वेळापत्रक आम्ही पावसाप्रमाणे लावलंय. जुलै-ऑगस्टमध्ये साइट मंद असतात, प्लॅनर ऑफिसात सापडतात, म्हणून कारणं भरायचं काम आणि मुख्य कटओव्हर, म्हणजे नवीन टूलवर जाणं, तेव्हा. पोळ्याच्या आधी जुनं सिस्टीम फक्त वाचण्यापुरतं करायचं, सप्टेंबर पूर्ण तपासणीला, तोपर्यंत जुनं बघायला मिळतंय. आणि दसऱ्यानंतर फाउंडेशनच्या गाड्या शेतात उतरायला लागतील तेव्हा साइट इंजिनिअरने पहिली एंट्री नवीन टूलमध्ये करायची, कारणाच्या रकान्यासकट.